शुद्ध प्रत राहिली

सर,

आधी माफी मागतो. तुमच्याबद्दल लिहिण्याचा हक्क माझ्याआधी कितीतरी जणांचा आहे. तुमच्यासोबत एकाच टेबलावर वह्या तपासणारे शिक्षक आहेत. घरी तुमच्या पत्नी, आमच्या बाई, आहेत. माझ्याआधी शिकून गेलेले आणि आता स्वतःच कुठंकुठं मास्तर झालेले तुमचे विद्यार्थी आहेत. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा एक पोरगा. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला पहिलाच, आणि तेही अजून नीट पाहून झालेलं नाही. त्यात ज्यानं दोन वर्षं तुमच्याशी बोलणं टाकलं होतं त्यानंच आता तुम्हाला उद्देशून लिहायला बसावं, हे माझं मलाच बरं दिसत नाही. पण न लिहिता राहणंही जमेना.

तुमचा जन्म कुठला, नोकरी कधी लागली, हे मला सांगता येणार नाही. मला एवढंच ठाऊक आहे की सहारे सरांना व्याकरण शिकवताना मजा यायची. आमच्या कुरखेड्याच्या शाळेत बाकीचेही शिक्षक चांगले होते, मेहनत घेत. पण भूगोलाच्या सरांना भूगोलाची मजा येते आहे असं त्यांच्या तोंडावर कधी दिसलं नाही. तुम्ही मात्र तास सुरू व्हायच्या आधीच दारात येऊन उभे राहायचे. आतले सर निघेपर्यंत तुमची चुळबुळ चालायची. एखाद्याला घरी आवडती भाजी झाल्याचा वास यावा, तसं तुमचं तोंड असायचं.

नववीतला तो दिवस आठवतो का तुम्हाला? फळ्यावर तुम्ही वाक्य लिहिलं होतं, ‘मावशीने पांढरा बैल बाजारात हळूच विकला.’ मग खडू ठेवून म्हणालात, “फळ्यावर काई मजा नाई याची. चला रे, बाहेर.” पटांगणात एकेका पोराला एकेक शब्द केलंत. नामदेव अंगानं दांडगा, म्हणून तो ‘विकला’. शेवंताला बैल केलं तर ती तिथंच अडून बसली.

“सर, मी बैल नाई होत. गाय करा मले.”

“करतो ना बाई. पण मंग नामदेवले बदलावं लागन. हो रे नामदेव, ‘विकली’ हो.”

“सर, मी पोरगा आहो!”

“क्रियापदाले लाज नसते. हो ‘विकली’. आणि पांढरा कोण आहे? तू पांढरी हो.”

सगळी ओळ बदलली आणि मावशी झालेली पोरगी तशीच उभी. कोणीतरी विचारलं, मावशी काऊन नाही बदलली? तुम्ही म्हणालात, “तिच्याजवळ ‘ने’ आहे. ‘ने’ आला का क्रियापद तिचं आयकत नाई. घरात नाई का, हुकूम मावशीचा आणि मावसा पाहते गाईच्या तोंडाकडं!” तेवढ्यात नामदेवनं विचारलं, “सर, मावसाले ईचारून विकली का?” आणि तुम्ही म्हणालात, “म्हणूनच तं हळूच विकली.” आम्ही इतके हसलो की मुख्याध्यापक खिडकीत आले.

“काय चालू आहे सहारे?”

“व्याकरण, सर.”

“मले वाटलं लंगडी.”

‘हळूच’ मी होतो. बोलायला लाजायचो, बोललो तर दुसऱ्या बाकावर ऐकू जायचं नाही, म्हणून तुम्ही मला ते काम दिलं होतं. शेवंता, नामदेव बदलत होते आणि मी जागच्या जागी. मला वाटलं आपण उगीच उभे आहोत. तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून तुम्ही वर्गाला म्हणालात, “याले पाहून ठेवा. बैल येवो का गाय येवो, हा बदलत नाई.” त्या वेळी मला हे माझं कौतुकच वाटलं होतं. नंतर एका दिवशी चंद्रपुरात हीच गोष्ट आठवून मला तुमचा राग आला. ते पुढं सांगतो.

मोहाच्या दिवसांत आम्ही पहाटेपासून मोहफुलं वेचून तसेच शाळेत यायचो. हातांना, कपड्यांना वास. दुसरे शिक्षक खिडक्या उघडायला लावत. तुम्ही दारातच लांब श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, “आज काळ शिकू. कोणी किती वेचला? उद्या कोण कोण वेचन? आता या घडीले कोणाची माय वेचून राह्यली?” भूत, भविष्य, वर्तमान, सगळं आमच्या टोपल्यांतून निघायचं. आम्ही जसं बोलायचो तसंच तुम्ही आमच्याशी बोलायचे. ‘मले’, ‘तुले’, ‘त्याले’ यांना तुम्ही कधी चूक म्हटलं नाही. वहीत लिहिलं तर लाल रेघ मारायचे, तोंडानं म्हटलं तर नाही. एकदा शेवंतानंच विचारलं होतं, सर, आमचं बोलणं अशुद्ध आहे का? तुम्ही म्हणालात, “कोण म्हणते? त्यालेही नियम आहे. घरचे कपडे आणि गावाले जायाचे कपडे, दोन्ही धुतलेलेच पायजेत.”

आम्हाला ते पटलं. कारण आम्ही अजून कुठल्या गावाला गेलोच नव्हतो.

सर, तुमच्या पत्रांच्या रिवाजाबद्दल लिहितो, म्हणजे हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला पुढचं कळेल. शाळा सोडून गेलेल्या कोणी तुम्हाला पत्र लिहिलं की तुम्ही ते लाल शाईनं तपासायचे. खाली दहापैकी गुण द्यायचे आणि तेच पत्र पाकिटात घालून परत पाठवायचे. मग त्यानं ते सगळ्या चुका सुधारून, स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून पाठवायचं. ती शुद्ध प्रत. ती हातात पडली की मगच तुम्ही पत्रातल्या मजकुराला उत्तर द्यायचे, तोवर नाही. बल्लारपूरला कामाला लागलेल्या एका पोरानं लग्नाचं आमंत्रण लिहिलं होतं. तुम्ही ते पाच गुण देऊन परत केलं. तो आळशी. शुद्ध प्रत पाठवेपर्यंत त्याला मुलगी झाली होती. तुम्ही नियमाप्रमाणे उत्तर दिलं, “लग्नाला जरूर येतो.” आणि खरंच गेलात, पोरीला झबलं घेऊन. हा किस्सा आमच्याकडे अजून सांगतात.

पण ज्यांनी प्रत पाठवली त्यांना तुम्ही काय काय उत्तरं दिलीत, तेही मी पाहिलं आहे. चार-चार पानं. कोणाला नोकरी सोडू नको म्हणून, कोणाला बापाशी भांडू नको म्हणून. कोणी काय लिहिलं ते तुम्ही विसरत नव्हते. फक्त थांबून असायचे.

मी चंद्रपूरला आलो त्या पहिल्या वर्षाची गोष्ट. वर्गात प्राध्यापकांनी काही समजावलं आणि विचारलं, कोणाला शंका आहे का. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी उभा राहिलो. म्हणालो, “सर, मले नाई समजलं.” सगळा वर्ग हसला. प्राध्यापकही हसले, वाईट हेतूनं नसतील, पण हसले. त्या दिवसापासून माझं नाव ‘मले’ पडलं. “ए मले, चहाला येतो का?” “मले, तुझी सायकल दे.” मी पंधरा दिवस वर्गात तोंड उघडलं नाही. मग एका दुपारी वसतिगृहाच्या खाटेवर बसून तुम्हाला पत्र लिहिलं. पहिल्यांदाच मी तुम्हाला इतकं मोठ्यानं बोललो असेन.

मी लिहिलं की तुम्ही आम्हाला नियम शिकवले, पण आमची जीभ होती तशीच ठेवली. बाहेर लोक हसतील हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही स्वतः बाहेर शिकून आला होता. तरी तुम्ही आम्हाला सावध केलं नाही. आम्ही न बदललेलेच तुम्हाला बरे वाटत होतो, कारण आम्हाला पाहून तुमची करमणूक होत होती. हे शेवटचं वाक्य मी तसंच लिहिलं होतं, सर. आज ते पुन्हा लिहिताना हात थांबतो. पण खोटं कसं सांगू.

आठ दिवसांनी पाकीट आलं. खोलीतले मित्र भोवती जमले. एक म्हणाला, “काय रे मले, तुझं पत्र नापास होऊन आलं काय?” आत माझंच पत्र. दोन ठिकाणी स्वल्पविराम. तीन वेलांट्या. पत्त्यात मी सवयीनं जिल्हा चंद्रपूर लिहिला होता, तो खोडून तुम्ही गडचिरोली केला होता, आता जिल्हा वेगळा झाला म्हणून. खाली दहापैकी सात. बाकी एक शब्द नाही.

मी जीव काढून लिहिलं आणि तुम्ही गुण दिले. त्या क्षणी मला एवढंच कळलं. रिवाज मला ठाऊक होता, तो काही मी विसरलो नव्हतो. पण माझ्या पत्रालाही तुम्ही रिवाजच लावाल असं वाटलं नव्हतं. मी ठरवलं, शुद्ध प्रत पाठवायची नाही. ती पाठवली नाही तर तुम्ही उत्तर देणार नाही, हेही ठाऊक होतं. बघू कोण आधी वाकतं, असं काहीतरी माझ्या मनात होतं. तुमच्या वयाचा विचार केला नाही. मी एकोणीस वर्षांचा होतो. मला वाटायचं वेळ सगळ्यांजवळ सारखाच असतो.

पुढच्या दिवाळीत आमच्या गावच्या मंडईच्या जत्रेला तुम्ही आला होता. दुपारची वेळ, दुकानांची गर्दी. तुम्ही भज्यांच्या दुकानासमोर उभे, हातात भज्यांचा कागद. मी आडवाटेनं निघणार तेवढ्यात तुम्ही पाहिलंत.

“काऊन रे, मोठा झाला का? बोलत नाईस?”

“नाही सर. असं काही नाही.”

मी मुद्दाम ‘नाई’चं ‘नाही’ करून बोलत होतो, तुमच्या लक्षात आलंच असेल. तुम्ही एक भजं माझ्या हातावर ठेवलंत आणि म्हणालात, “तुयाकडं माझं काईतरी राह्यलं आहे.”

“परीक्षा आहे सर. मग पाहू.”

“पाह्य बा,” तुम्ही म्हणालात. “मी तयार आहो. लिहून ठेवलं आहे.”

मी त्या वेळी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि निघालो. मागं वळून पाहिलं नाही, म्हणून तुम्ही किती वेळ तिथं उभे होते ते मला सांगता येणार नाही. भजं मात्र खाल्लं. उत्तर तयार होतं, सर. माझ्या भांडणाचं उत्तर तुम्ही लिहून ठेवलं होतं. मी फक्त दोन पानं पुन्हा लिहायची होती.

घरी बाबा विचारायचे, “सर काय म्हणते? पत्र येते का?” बाबांना वाचता येत नाही. मी म्हणायचो, येते. एवढं एकच खोटं मी त्यांच्याशी पुन्हा पुन्हा बोललो.

यंदा पावसाळ्यापासून इथल्या वस्तीतल्या विहारात मी नववी-दहावीच्या पोरांना शिकवतो. दर रविवारी सकाळी, वंदना झाली की. चाचणीत सगळे मराठीत पडले होते. वस्तीतले भाऊ म्हणाले, तू बी.ए. करून राह्यला ना, मंग शिकव. मी नाही म्हणणार होतो. पहिल्या रविवारी पुस्तकातून प्रयोग शिकवले, अर्धी पोरं जांभया देत होती. दुसऱ्या रविवारी मी काय केलं असेल, तुम्ही ओळखलंच. त्यांना अंगणात काढलं. खाणीत काम करणाऱ्यांची पोरं ही. त्यांच्या वाक्यात बैल नव्हता, डबा होता. ‘बाबांनी गरम डबा खाणीत पटकन उघडला.’ डब्याची भाकर केली, तर ‘उघडला’ झालेला पोरगा म्हणाला, “सर, भाकर कशी उघडते?” “मग काय करते?” “खाल्ली करा ना!” आणि तो स्वतःच ‘खाल्ली’ होऊन उडी मारून उभा राहिला. ‘गरम’ झालेली पोरगी ओरडली, “सर, मी तं बदललीच नाई!” मला ते आधी सुचलंच नव्हतं. मी हसायला लागलो, पोरं हसायला लागली, आणि मध्येच मला जाणवलं की मी चुळबुळ करत होतो. पुढच्या वाक्यासाठी. मला मजा येत होती, सर. इतकी मजा मला या शहरात आल्यापासून कशातच आली नव्हती. पुढचा रविवार यायला सात दिवस का लागतात, असं वाटायचं.

आणि मी त्यांच्याशी कसा बोलत होतो? ‘तुमाले’, ‘त्याले’. आपोआप.

भाद्रपदात मी त्यांना घरातल्या एका माणसाबद्दल लिहून आणायला सांगितलं. करुणा नावाची एक मुलगी आहे, नववीतली. तिची आई उन्हाळ्यात गेली. तिनं आईवर लिहिलं होतं, फक्त तीन ओळी. मी ती वही घेऊन बराच वेळ बसलो. काय लिहावं? ‘छान’ लिहिता येईना. ‘वाईट वाटलं’ लिहिता येईना. मी कोण ते लिहिणारा? शेवटी दोन वेलांट्या सुधारल्या, एक पूर्णविराम दिला, दहापैकी सहा लिहिले आणि वही परत केली. देताना तिच्याकडे पाहायचं धाडस झालं नाही. मला एकदम ते पाकीट आठवलं.

पुढच्या रविवारी ती सगळ्यांच्या आधी आली. मी मागितली नसताना तिनं सुधारून लिहून आणलं होतं. तीन ओळींची अडीच पानं झाली होती.

“एवढं कधी लिहिलंस?”

“चुका दुरुस्त कराले बसली सर, तं आणखी आठवत गेलं.”

मी विहाराच्या पायरीवर बसून ती पानं वाचली. तुमच्या मनात नेमकं हेच होतं, असं मी म्हणत नाही. कदाचित तुमचं कारण साधंच असेल, पोरांनी आळस करू नये एवढंच. पण ज्याला काय बोलावं ते कळत नाही असा माणूस वेलांटी सुधारतो, हे मला स्वतःच्या हातानं कळलं. माझं ते शेवटचं वाक्य वाचल्यावर तुम्हालाही कळलं नसेल काय बोलावं. तुम्ही ते वाचलंत, खोडलं नाहीत, आणि मला पुन्हा लिहायला वेळ दिलात.

त्या आठवड्यात मी शुद्ध प्रत काढली. पेटीतून ते जुनं पत्र शोधलं. मजकूर बदलायचा नाही हा नियम होता, म्हणून बदलला नाही. सगळे आरोप जसेच्या तसे, चांगल्या अक्षरात. काही मला आता खोटे वाटले, काही अजून खरे वाटतात. सर, एक गोष्ट मी अजून सोडलेली नाही. घरचे कपडे आणि गावाला जायचे कपडे ठीक आहे, पण गावाला गेल्यावर लोक आधी कपडेच पाहतात, हे तुम्ही आम्हाला सांगायला पाहिजे होतं. एकदा तरी. यावर मला तुमच्याशी भांडायचं होतं, समोर बसून, बाईंच्या हातचा चहा पीत. पत्राच्या शेवटी मी फक्त एक ओळ जास्तीची लिहिली, की मी इथं नववीला व्याकरण शिकवतो आणि मला मजा येते. ती ओळ वाचताना तुमचं तोंड मला पाहायचं होतं. म्हणून टपालात टाकलं नाही. दिवाळीची सुट्टी लागली की हातोहात नेऊन द्यायचं ठरवलं. महिनाभर तर होता मध्ये. दोन वर्षं थांबलेला माणूस महिनाभर थांबेल, असा हिशेब मी केला.

आता तिथं जाऊन बाईंना विचारता येईल, सरांनी काही लिहून ठेवलं होतं का म्हणून. मला धीर होत नाही. आणि खरं सांगू का, शुद्ध प्रत दिल्याशिवाय उत्तर मागायचं नाही, हा तुमचाच नियम. तो मोडून मिळालेलं उत्तर मी कसं वाचू?

सुट्टी लागली त्या सकाळी मी चांदा फोर्ट स्टेशनवर गेलो. वडशाकडून छोटी गाडी आली, तीच फिरून परत जाणार होती. उतरणाऱ्यांमध्ये नामदेव दिसला, डोक्यावर पेटी. कोरपन्याकडे सिमेंटच्या कामावर निघाला होता. मला पाहून त्यानं हसत पेटी खाली ठेवली.

“अबे, तू कुठी चालला?”

“घरी. पण आधी कुरखेड्याले उतरतो. सरकडं.”

तो हसायचा थांबला. म्हणाला, “सरकडं म्हणजे? बाईले भेटाले?”

“सरले. त्याइचं एक काम राह्यलं आहे माझ्याकडं.”

नामदेव पेटीवर बसला.

“सर गेले ना बा,” तो म्हणाला. “दसऱ्याच्या आंधीच. तुले मालूमच नाई का? आमी सर्व होतो, पुरी शाळा होती. सर्वाइले वाटलं, कोणी ना कोणी तुले लिवलंच असन.”